इलारियोनला एकही गाडी पसंत नाही

९ जानेवारी, बुधवार

निकोलासा म्हणते, "तुझं ब्लडप्रेशर बोलून बोलून चढतं. बोलू नकोस, लिहून काढ." निकोलासा म्हणजे शेजारच्या गाळ्यातली फुलवाली, माझ्या लेकीची धर्ममाता आणि अख्ख्या ला पाझमधली सर्वांत आगाऊ बाई. पण आज तिचं ऐकते. आज जे झालं ते तोंडाने सांगायला गेले तर किंचाळेन.

सकाळी लग्नाच्या हॉलची मालकीण एन्कार्नासियोन दुकानात आली; मानाने सगळे तिला दोन्या, म्हणजे बाईसाहेब, म्हणतात. म्हणाली, "सातुर्निना, ईस्टरनंतरची सगळी लग्नं तुला देते. पण गाडी स्वतःची हवी. मागच्या वेळी तुझी लिली मिनीबसच्या टपावरून आली आणि निम्म्या फुलांच्या माना मोडलेल्या. नवरी रडायला लागली की गं! ईस्टरच्या आधी गाडी आणून दाखव, नाहीतर मी समोरच्या दोघा भावांना काम देते."

समोरचे भाऊ! त्यांनी गाडी घेतल्यापासून आमची निम्मी गिऱ्हाइकं तिकडे वळली. कब्रस्तानाच्या दारात आयुष्य गेलं आमचं, पण आता लोकांना हार घरपोच लागतात. हे लग्नांचं काम हातचं गेलं तर दुकानाला कुलूपच लावायचं.

मी धावत मागे गेले. इलारियोन गुलाबाचे काटे काढत बसला होता. हा माणूस तरुणपणी युंगासच्या घाटात फळांचा ट्रक चालवायचा, आणि लग्न झाल्यापासून माझ्यामागे त्याची एकच भुणभुण, सातू गाडी घेऊ, सातू गाडी घेऊ. म्हटलं, "ऊठ! तुझी गाडी आली समज!"

तर हा मान वर न करता म्हणतो, "कशाला हवीय गाडी?"

माझ्या हातातली बादलीच पडली. देवाशपथ.

१३ जानेवारी, रविवार

त्याला ओढतच वर एल आल्तोच्या बाजारात नेलं. चिखल, कुत्री आणि नजर जाईल तिथवर जुन्या गाड्या. आमचा दलाल सेनोबियो. बोलून बोलून दगडाला पाझर फोडेल असा माणूस.

पहिली गाडी निळी. इलारियोनने तिच्या बॉनेटला कान लावला, पत्र्यावर टिचक्या मारल्या, आत डोकं घालून सीट हुंगली. सीट! म्हणाला, "इंजिनाला खोकला आहे." दुसरीचे दरवाजे जड. तिसरी मला फार आवडली होती. उंच, मागे ऐसपैस, बादल्या उभ्या राहतील अशी.

"नको," म्हणाला. "काळ्या गाडीतून लग्नाची फुलं? लोकांना वाटेल प्रेत आलं."

सेनोबियोने माझ्याकडे पाहिलं. "इलारियोनसाहेब, ही हिरवी आहे."

"उन्हात काळी दिसते," हा म्हणाला. ऊन कुठलं! आभाळ भरून आलेलं.

नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. गाडी चालवायची हिंमत संपलीय हे सरळ सांगावं की. मी चांगलं फैलावर घेणार होते, पण एका गोष्टीमुळे ते राहूनच गेलं. अख्ख्या बाजारभर, सगळ्यांदेखत, इलारियोनने माझा दंड धरला होता. गाडीपासून गाडीपर्यंत, मग केबलकारपर्यंत, मग घरापर्यंत. लग्नात चर्चमधून बाहेर पडतानासुद्धा हा माझ्या चार पावलं पुढे होता! या वयात काय हे थेर. मी सोडवून घेतला नाही, एवढंच लिहिते.

१६ जानेवारी, बुधवार

आज तर लाजेने मेले. एक तरणा पोरगा मागणी घालायला निघाला होता. पांढरे गुलाब मागितले. मी आत होते, गुच्छ इलारियोनने कागदात गुंडाळून दिला. पोरगं नाचत गेलं आणि थोड्या वेळाने रडत परत आलं. गुच्छ पिवळ्या गुलाबांचा! पिवळे गुलाब म्हणजे तुझं माझं संपलं, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. मुलीने गुच्छ तोंडावर फेकला आणि म्हणाली, "मी नको होते तर सरळ सांगायचं होतंस, फुलं कशाला आणलीस?"

मी पांढरे गुलाब घेऊन स्वतः तिच्या घरी गेले, पाया पडायचंच काय ते बाकी राहिलं. परत येऊन इलारियोनला म्हटलं, "डोळे फुटलेत का तुझे?"

 एरवी एका शब्दाला चार शब्द सुनावणारा माणूस, आज नुसता उभा राहिला. मला वाटतं मनातून वरमला असावा.

२१ जानेवारी, सोमवार

नवंच खूळ. सकाळी माल उतरला की हा बादल्यांपुढे बसतो, डोळे मिटतो आणि एकेक फूल नाकाला लावून पुटपुटतो. "कार्नेशन. लिली. शेवंती, कालची." मी विचारलं, काय रे हे? म्हणाला, "म्हातारपणी फुलांवर प्रेम जडलंय."

फुलांवरच ना, म्हटलं. हसला, पण ओठांनीच.

२४ जानेवारी, गुरुवार. अलासितास

आज लिहायचं नव्हतं. तरी लिहिते.

आजच्या जत्रेत जे हवं त्याची इवलीशी प्रतिकृती घ्यायची. घर हवं तर काडेपेटीएवढं घर, दुकान हवं तर दुकान. ठीक बाराच्या ठोक्याला यातिरीकडून, म्हणजे आमच्याकडच्या पुजाऱ्याकडून, तिला धूप दाखवायचा, वर दारू शिंपडायची, पाकळ्या टाकायच्या. मग वर्षाच्या आत खरी वस्तू दारात. माझ्या आईने अशीच शिलाई मशीन मिळवली, निकोलासाने जावई मिळवला. म्हणून मी आधीच इलारियोनला बजावलं, "मी यातिरीपाशी जागा धरते, तू गाडी घेऊन ये. मालवाहू, पांढरी, मागे मोठी दारं." म्हटलं, छोटी गाडी तरी याला पसंत पडू दे.

घंटा वाजायला आणि हा गर्दीतून यायला एकच गाठ पडली. मुठीतली वस्तू त्याने थेट यातिरीच्या फडक्यावर ठेवली. धूर, दारू, पाकळ्या, मंत्र, सगळं झालं. धूर विरला आणि मी पाहिलं.

रुग्णवाहिका! दोन्ही बाजूंना लाल क्रॉस, टपावर दिवा.

निकोलासाने छातीवर क्रूस काढला. "इलारियोन! अरे काय मागितलंस हे! आता वर्षाच्या आत दारात हीच येणार की रे!"

त्याचा चेहरा कागदासारखा झाला. "पांढरी होती," म्हणाला, "मागे मोठी दारं होती. घाई झाली."

धूप दाखवलेली वस्तू परत करता येत नाही.  कोणासाठी येणार ही, त्याच्यासाठी की माझ्यासाठी?

आणि एवढ्यावर थांबलं असतं तर बरं! परतताना गर्दीत आमची चुकामूक झाली. मी मागून पाहते तर माझा नवरा एका बाईचा दंड धरून चाललाय, तिच्याकडे झुकून मऊ आवाजात काहीतरी समजावतोय. तपकिरी शाल, गोल टोपी, पोयेरा, तो आमचा घेरदार घागरा. माझ्यासारखीच, पण मी नव्हे! गुमेर्सिंदा, आमच्या कोपऱ्यावर आपी, मक्याचं गरमागरम पेय, विकणारी. आणि तिने हात झटकला का? मुळीच नाही. मला पाहून थांबली, त्याचा हात माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "घे गं तुझा माणूस. नीट सांभाळ त्याला."

सांभाळ म्हणे! चोर तो चोर वर शिरजोर.

२९ जानेवारी, मंगळवार

दर मंगळवारी इलारियोन संघटनेच्या बैठकीला जातो. आज फुलवाल्यांच्या संघटनेचा सचिवच दुकानात आला. सहज बोलता बोलता म्हणाला, बैठका शुक्रवारी असतात, इलारियोनसाहेब कित्येक महिन्यांत फिरकलेले नाहीत.

मग निकोलासाने उरलंसुरलं सांगितलं. तिने त्याला मिराफ्लोरेसच्या बसमध्ये चढताना पाहिलंय. सोबत गुमेर्सिंदा आणि तिची म्हातारी आई.

मिराफ्लोरेसला आहे काय? इस्पितळं आणि स्वस्त लॉज. माणूस धडधाकट आहे, साधी सर्दी नाही त्याला. मग उरलं काय! मला काही एवढं शिकवायला नको.

आता कळलं, गाडी का नको ते. गाडी आली की मी शेजारी बसणार आणि मंगळवार बुडणार. माझा दंड धरला तोही मन खाऊ लागलं म्हणूनच. आणि मी मूर्ख, आठ दिवस नवा पोयेरा नेसल्यासारखी मिरवत होते.

३ फेब्रुवारी, रविवार

गेले तिच्या आपीच्या गाडीवर. चार गिऱ्हाइकं उभी होती, मी पर्वा केली नाही. "माझ्या नवऱ्याशी तुझं काय काम आहे?"

गुमेर्सिंदाने पळी खाली ठेवली. "त्यालाच विचार. मी शब्द दिलाय त्याला."

"शब्द दिलाय! ऐका हो ऐका!"

"मंगळवारी मी आईला घेऊन जाते. तिथे तो भेटला. एकटा धडपडत होता, म्हणून म्हटलं आमच्याबरोबर येत जा." तिने पळी पुन्हा उचलली. "सातुर्निना, घरी जा आणि प्रेमाने विचार. ओरडू नकोस त्याच्यावर."

तिची आई मागे बाकावर बसली होती, हातात पांढरी काठी, नजर कुठेतरी आभाळात. म्हणे आई बरोबर असते! ज्या बिचारीला समोरचा माणूस दिसत नाही तिला ही साक्षीला धरते. निर्लज्जपणाची कमाल झाली. मी गाडीवरचा आपीचा एक पेला आपटून आले.

घरी विचारलं नाही. प्रेमाने तर नाहीच.

१० फेब्रुवारी, रविवार

आज एकटीच वर बाजारात गेले. म्हटलं, त्याच्या पसंतीची वाट बघत बसले तर ईस्टर येऊन जाईल. सेनोबियोला म्हणाले, "नवऱ्याला सोड, मला दाखव."

"मग एक आहे," तो म्हणाला. "आतून स्वच्छ, पुसता येणारी जमीन, कडेला फळ्या, मागे रुंद दारं. फुलांसाठीच बनवल्यासारखी." मला त्याने दोन ट्रकांमधून पलीकडे नेलं. पांढरी गाडी. आणि तिच्या अंगावर, पुसट झालेला, खरवडलेला, तरी दिसणारा लाल क्रॉस.

मी तिथेच चिखलात बसले.

"कुठल्याशा खाणीची होती," सेनोबियो सांगत होता, "त्यांनी नवी घेतली, ही काढली. अहो काय झालं? पाणी आणू?"

मी अलासितासचं सांगितलं. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "आधी देवाला बोलवायचं आणि तो दारात आला की घाबरून कडी लावायची! दोन्या सातुर्निना, लोक वर्षभर वाट बघतात, तुम्हाला तीन आठवड्यांत पावला."

रडावं की हसावं कळेना. पण मनावरचा धोंडा उतरला. रुग्णवाहिका येणार होती ना? आली. अशी आली. कोणाला न्यायला नाही आली.

म्हटलं, पुढच्या रविवारी नवऱ्याला आणते, चालवून बघेल आणि सौदा करू. चालवणार तर तोच.

१७ फेब्रुवारी, रविवार

आज काय झालं ते

[इथे मी पेन ठेवलं होतं. पाणी प्यायले. पुन्हा लिहिते.]

तो यायला तयार नव्हता. मी हट्टाने नेला. वर गेल्यावर सेनोबियोने त्याला डिवचलं, "युंगासचा वाघ म्हणे! घाबरला काय?" चार माणसं हसली. मीही हसले. मी हसले.

इलारियोन चढून बसला. हाताने चाचपत किल्ली, गियर, सगळं बघितलं. गाडी अशी अलगद निघाली की मला अभिमान वाटला. मोकळ्या मैदानात एक फेरी मारली, मग सेनोबियो ओरडला, रस्त्यावर घ्या, रस्त्यावर! घेतली. मी शेजारी, आणि आता हा उठून जाऊ शकत नाही म्हणून मी सुरू केलं. गुमेर्सिंदा, मंगळवार, मिराफ्लोरेस, सगळं काढलं. त्याचे दोन्ही हात चाकावर, मान पुढे ताणलेली.

समोर रस्त्याच्या कडेला पाववाली बसली होती, टोपली पुढ्यात, मांडीवर लेकरू. गाडी सरळ तिच्यावर चाललेली. मला वाटलं, वळवेल. आता वळवेल. ती बाई हात वर करून ओरडली तरी याच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही.

मी हँडब्रेक ओढला. ट्रकवाल्याची बायको, तेवढी एकच गोष्ट मला ठाऊक. गाडी टोपलीवर चढून थांबली. पाव रस्ताभर. बाई लेकराला घेऊन मागे पडली होती, पण उठली, शिव्या देत उठली, देवा तुझे उपकार.

आणि इलारियोन दुसऱ्याच बाजूच्या काचेतून बाहेर बघत विचारत होता, "कोण आहे? सातू, कुणाला लागलं? सांग ना, कुठे आहे?"

१८ फेब्रुवारी, सोमवार

डोळ्यांची नस वाळत चाललीय. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवायला थेंब घालायचे, एवढंच डॉक्टरांच्या हातात. मंगळवारी डोळ्यांच्या दवाखान्यात जात होता. गुमेर्सिंदाच्या आईला तोच आजार.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

म्हणाला, "गाडी घेतली नाही तर तू मला नुसता नालायक म्हटली असतीस. ते ऐकायची सवय आहे. आंधळा म्हटलेलं नसतं ऐकवलं."

मी काय काय म्हटलं होतं ते आठवत बसले. डोळे फुटलेत का तुझे. त्याच्या तोंडावर म्हटलं होतं. तो नुसता उभा राहिला होता.

गुमेर्सिंदाकडे गेले.  तिने आपीचा पेला पुढे केला, म्हणाली, "हा आपटू नकोस, महाग आहे." दोघी रडलो. म्हातारी विचारत होती, कोण आलंय गं?

रात्री एक गोष्ट खुपली, आणि ती कुणाला सांगण्यासारखी नाही, म्हणून इथे. तो दंड धरायचा ना माझा. तो रस्ता दिसेना म्हणून. एवढंच. बाकी काही नव्हतं. बाजारात पहिला जो दंड हाताला लागला तो धरला, माझा काय आणि गुमेर्सिंदाचा काय.

२० फेब्रुवारी, बुधवार

दुकान बंद करायचं म्हणतो. दोन्या एन्कार्नासियोनला नाही म्हणून कळव, म्हणतो. दिवसभर मागे खुर्चीत बसून राहिला. माझा माणूस डोळ्यांदेखत विझत चाललाय.

मी विचारलं, "मला शिकवशील?"

"काय?"

"गाडी."

इतका हसला की खोकला लागला. मग थांबला. म्हणाला, "तू पोयेरा नेसून क्लच दाबणार?"

५ मार्च, मंगळवार

गाडी दारात आहे. कार्निव्हलचा मंगळवार, म्हणून तिला कागदी माळा घातल्या, चाकांवर बियर ओतली, टपावर पाकळ्या उधळल्या. क्रॉसवर रंग दिला तरी तो खालून डोकावतोच. इलारियोनने दुकानाचं नाव घातलं. मी खडूने रेघ मारली, त्याने डाव्या हाताच्या बोटाने ती चाचपत उजव्या हाताने रंगवलं. शेवटची दोन अक्षरं उतरणीला लागलीत. निकोलासा म्हणाली, वेग वाटतो त्याने.

शिकवणं म्हणजे नुसता तमाशा. तो शेजारी बसून इंजिन ऐकतो. "दुसरा मागतेय ती, दे. अगं दे! रडतेय बिचारी." मी म्हणते, मीही रडतेय. पोयेरा क्लचमध्ये अडकतो, टोपी टपाला लागते. मिनीबसवाले डोकं बाहेर काढून ओरडतात, "आजी, ढकलू का?" इलारियोन त्यांना अशा शिव्या घालतो की घाटातले त्याचे जुने दिवस परत आल्यासारखे वाटतात.

११ एप्रिल, गुरुवार

परवाना मिळाला! दुसऱ्या खेपेला. पहिल्या खेपेला परीक्षेच्या साहेबांना उतरून चालत जावं लागलं, तो विषय नको. संध्याकाळी दोन्या एन्कार्नासियोनने गाडी पाहिली, मला चाकामागे पाहिलं आणि तोंडात बोटं घातली. "सातुर्निना, तू?" मी म्हटलं, "मग कोण, पोप?" काम आपलं.

२७ एप्रिल, शनिवार

पहिलं लग्न. मागे पांढरी लिली, गुलाब, कार्नेशन; एकाही फुलाची मान मोडली नाही. हॉलच्या दारात इलारियोनने प्रत्येक बादलीला नाक लावून सांगितलं कुठली आत न्यायची आणि कुठली मंचावर. एकही चुकली नाही. नवरीच्या आईला वाटलं, हा कोणी मोठा तज्ज्ञ आहे.

येताना उतारावर सिग्नल लागला. गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला, मोकळा श्वास घेतला. समोरचा रस्ता रिकामा होता. तेवढ्यात इलारियोनचा हात आला, चाचपत, आणि माझ्या दंडावर थांबला.

मी दचकले. म्हटलं, "काय झालं? काही हवंय?"

"नाही."

"मग धरलास कशाला? आता काही चालायचं नाहीय. बसलायस."

"हो," तो म्हणाला, "बसलोय."

हात काढला नाही. सिग्नल हिरवा झाला, मागचा मिनीबसवाला भोंगा वाजवू लागला, आणि त्याने धरलेल्या त्या हाताने मला पहिला गियर टाकता येईना.